अकरा नारळ

आमच्या रविराजच्या हातात माईक दिला की तो मागून घेतल्याशिवाय परत मिळत नाही. लेक माझाच आहे, म्हणून सांगते. दुसऱ्याचा असता तर उठून घरी गेले असते. पण घर वरच्याच मजल्यावर आहे, आणि आवाज तिथंही येतो.

सावेडीतल्या आमच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, पुस्तकांचं दुकान काढलंय. पुस्तक चाळा, चहा प्या, वडा खा. शनिवारी कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचतं आणि बँकेतला ओंकार गिटार वाजवतो. मी तिसरी शिकले. पुस्तकं तिच्याकडं, चटणी माझ्याकडं. चटणीसाठी लोक परत येतात, पुस्तकांचं मला ठाऊक नाही.

त्या शनिवारी मिरजगावहून चांगुणा आली होती. ऊसतोडीला जाते, आणि उरलेल्या वेळात वहीत लिहिते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची टोळी कारखान्यावर निघणार होती, ती सहा महिन्यांनी परत. वाचायचं तर आजच, तेही सव्वासातच्या एसटीच्या आत. ज्ञानेश्वरीनं नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं, आधी वाचन, सत्कार मागून. रविराज म्हणाला, आधी मान्यवर, नाहीतर लोक काय म्हणतील.

लोक होते सतरा. त्यांतले सत्काराचे अकरा.

पाचला सुरू झालं. प्रास्ताविकालाच पाऊण तास गेला. मग सोसायटीचे चेअरमन, मग मंडपवाला. प्रत्येकाला शाल, नारळ आणि फोटो. फोटोत डोळे मिटले तर नारळ परत घ्यायचा आणि पुन्हा द्यायचा. चांगुणा कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसली होती. पाणी विचारलं तर नको म्हणाली. एकेक सत्कार झाला की घड्याळाकडं बघायची आणि वहीतली दोन पानं दुमडायची. दहा पानं वाचायची होती. चौथ्या सत्काराला दोन उरली.

मी आत गेले. उरलेले सात नारळ हळदकुंकू लावून ओट्यावर ओळीनं ठेवले होते. चटणी संपत आलीच होती. मी ते फोडले. सात नारळ फोडायला वेळ लागतो, पण रविराज बोलत होता, त्यामुळं घाई नव्हती.

पाचवं नाव माजी चेअरमनचं आलं. रविराजनं नारळासाठी हात मागं केला आणि हात तसाच राहिला. ज्ञानेश्वरी आत आली. तिनं मिक्सर बघितला, माझ्याकडं बघितलं. बाहेर जाऊन नवऱ्याला हळूच सांगितलं, नारळ संपले. तो म्हणाला, नुसती शाल देऊ. पण आताच्या चेअरमनच्या मांडीवर नारळ होता, आणि माजी चेअरमन नुसत्या शालीसाठी उठणाऱ्यातले नव्हेत. ते बसूनच राहिले. रविराजला पुढचं वाक्य सापडेना. ओंकारनं तेवढ्यात त्याच्या हातातला माईक घेतला आणि चांगुणापुढं धरला.

तिनं दुमडलेली पानं एकेक करून सरळ केली. मग वाचलं.

"निघताना मी दाराला कुलूप लावते. आत चोरन्यासारखं काय न्हाई. पन कुलूप लावलं की मागं आपलं घर हाय, असं वाटतं. किल्ली सहा महिने कंबरंला असती. उसाच्या फडात वाकलं की टोचती. टोचली की बरं वाटतं."

कपांत चमचे फिरायचे थांबले. माजी चेअरमनसुद्धा खुर्ची पुढं ओढून बसले. तिनं दहाही पानं वाचली. ओंकारनं थोडंसं वाजवलं, गिटार भिंतीला टेकवली आणि तिला स्कूटरवरून माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला निघाला. मी तिच्या हातात डबा दिला, दोन भाकरी आणि चटणी. सत्काराचा नारळ तिलाही मिळाला, वाटून.

रविराज उरलेल्या शालींच्या घड्या घालत होता. मला म्हणाला, "आई, कार्यक्रम चांगला झाला ना?"

"झाला की, रव्या. तुझं निम्मं भाषन मिक्सरात गेलं, म्हनून झाला."