मिस्तरींना विचारून घ्या

मोहिद्दीन मिस्तरींची पाठ गेली ती त्यांच्याच हट्टापायी, हे भरे गावच्या त्या घमेल्यांच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मिस्तरींना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते पाठीत उसण भरली होती, आणि उसण काय, कुणालाही भरते.

त्याचं असं झालं. कारखान्यात मोठी प्रेस एकच. पत्र्याची चकती खाली ठेवली की वरून दणका बसायचा आणि चकतीचं घमेलं व्हायचं. ज्या पोलादी साच्यात हे घडायचं त्याला डाय म्हणत, आणि घमेल्याचा आकार बदलायचा तर डाय बदलावी लागे. ही डाय बसवायचं काम मिस्तरी एकटे करत. एकटे म्हणजे अगदी एकटे. प्रेसभोवती गोणपाटाचा पडदा लावायचे, हाताखालच्या म्हसूला "जा, च्या पिऊन ये" म्हणून पिटाळायचे, आत काय खुडबूड करायची ती करायचे आणि घामाघूम होऊन बाहेर यायचे. कुणी विचारलंच तर "डायला नजर लागती" म्हणायचे. म्हसू तिशीचा गडी, दहा वर्षं मिस्तरींच्या हाताखाली काढलेला. पडदा नजरेसाठी नाही हे त्याला कळत होतं, पण तो मुकाट्यानं चहा पिऊन यायचा.

तर त्या दिवशी दोघांनी उचलायची डाय मिस्तरींनी एकट्यानं उचलली, बसवली, आणि पडद्याआड वाकले ते वाकलेलेच राहिले. म्हसूनं आणि वॉचमन भैरूनं त्यांना खुर्चीसारखं उचलून बाहेर आणलं. तेवढ्यातही मिस्तरी ओरडत होते, "आदी पडदा लावा, पडदा!"

पौडच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि सांगितलं, "पंधरा दिवस फळीवर उताणं पडून राहायचं. मध्येच कामाला उठलात तर जन्मभर असेच वाकून चालाल."

"आवो पन परेस?" मिस्तरींनी विचारलं.

"प्रेस मी तपासलेली नाही," डॉक्टर म्हणाले.

आता कारखान्याचे मालक हैबतराव यांनी त्याच महिन्यात एक कामगार कल्याण समिती नेमली होती. पुण्याच्या कुठल्याशा बड्या गिऱ्हाइकाकडे त्यांनी तशी पाटी पाहिली होती, आणि पाटी त्यांना फार आवडली होती. समितीत म्हसू होता, भैरू होता आणि घमेल्यांना रंग देणारी अंबाबाई होती. समितीनं आतापावेतो दोन कल्याणं केली होती. पिण्याच्या पाण्याचा एक रांजण आणला होता, आणि एक कॅरम आणला होता, त्यात राणी नव्हती. मिस्तरी या समितीची यथेच्छ टिंगल करत. "मशीन तापलं तर बंद करावं, मानूस तापला तर पानी प्यावं. त्याला समिती कशाला लागती?" असं त्यांचं म्हणणं. आता समितीपुढं तिसरं काम आलं, ते खुद्द मिस्तरींचंच. हैबतरावांनी बजावून सांगितलं, की पगार चालू राहील, पण पंधरा दिवस मिस्तरी कारखान्याच्या फाटकात दिसता कामा नयेत.

पिरंगुटात बाजाराच्या गल्लीत मिस्तरींचं घर. तिथं फळीवर उताणे पडून ते आढ्याकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी ते जवळजवळ खुशीत होते. त्यांची खात्रीच होती, की दुपारपर्यंत प्रेस बंद पडणार आणि कुणीतरी धावत येणार. दुपार झाली, कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. मिस्तरी पायरीवर पाऊल वाजलं की मान वळवायचे, आणि दर वेळी ती शेजारची शेळी निघायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हसू आला. येताना चार केळी घेऊन आला, उंबऱ्याशी बसला.

"काय म्हंतीया परेस?" मिस्तरींनी शक्य तितक्या बेफिकिरीनं विचारलं.

"लई झ्याक चाललीया, मिस्तरी! तुमी बिनघोर पडा. तुमची कायसुदिक अडचन न्हाई." म्हसूला वाटलं, आजारी माणसाला याहून गोड बातमी कुठली असणार.

मिस्तरी भिंतीकडे तोंड करून पडले. बायको मैमुनानं ताट आणलं, ते तसंच परत गेलं. रात्री डाळभात आणला, तोही परत गेला. मिस्तरींना भीती वाटत होती. पाठीची नव्हे. पाठ काय, आज ना उद्या सुधारेल. पण आपण नसताना प्रेस चालते, तर आपण होतो ते कशासाठी, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला होता, आणि उताण्या माणसाला प्रश्न पडला की तो थेट छातीवरच बसतो. ईदच्या दिवशी नमाज झाल्यावर "जरा बघून येतो" म्हणून कारखान्यात चक्कर मारणारा हा माणूस. एकाच गोष्टीचा त्यांना आधार होता. पुढच्या महिन्यात मोठ्या घमेल्यांचं काम येणार होतं. तेव्हा डाय बदलावी लागणार, आणि ती कशी बसवतात हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. "तवा बघू," ते भिंतीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैमुना रॉकेल आणायला म्हणून गेली. बऱ्याच वेळानं आली, ती भऱ्याच्या बाजूनं आणि डबा रिकामाच घेऊन.

आणि त्याच संध्याकाळी म्हसू धापा टाकत दारात हजर. "मिस्तरी, घोटाळा झाला! परेसचा पट्टा सारका घसरतोय. काय करावं सुचंना."

मिस्तरींच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की मैमुनानं गुपचूप चुलीवर तवा ठेवला. "घसरनारच! कोन हाय तितं बघायला? राळ लाव पट्ट्याला. पन लई नको, चिमूटभर. अन् मला इचारल्याबिगर फुडं कायबी करायचं न्हाई!" त्या रात्री मिस्तरी दोन भाकरी जेवले आणि तिसरीचा तुकडा मागितला.

पुढचे दोन-तीन दिवस मोठे सुखाचे गेले. रोज संध्याकाळी म्हसू एक अडचण घेऊन यायचा, मिस्तरी ती उताण्यानं सोडवायचे, मैमुना चहा करायची. पाठही ऐकू लागली होती.

घात झाला तो बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी सगळा कारखाना बाजाराला पिरंगुटात आलेला, आणि मिस्तरींचं घर बाजाराच्या वाटेवर. म्हसू नेहमीप्रमाणे येऊन गेला. त्या दिवशी त्यानं पट्टा तुटल्याचं सांगितलं. समितीत आपण तिघं असताना मिस्तरींना विचारायचा मान म्हसूनं एकट्यानंच का घ्यावा, असं इतरांनाही वाटत असावं. म्हसूची पाठ वळते न वळते तोच भाजीची पिशवी घेऊन अंबाबाई आली. "मिस्तरी, तुमच्या डायला चीर ग्येलीया बगा. ह्येवडी!" तिनं वीतभर हात पसरून दाखवला. मिस्तरी कोपरावर उठले. मैमुना दारातून डोळे वटारत होती, पण अंबाबाईला वाटलं, ती आणखी सांग म्हणतेय. "मदोमद ग्येलीया," तिनं भर घातली.

आणि ती गेल्यावर आला भैरू. भैरूनं आयुष्यभर फाटकाबाहेर राखण केलेली, प्रेस त्यानं खिडकीतून पाहिलेली. पण कल्याण करायला आलेला माणूस मागे कसा राहील? "मिस्तरी, परेसचं त्ये मोटं चाक हाय न्हवं," तो म्हणाला, "त्ये निखळलं. घरंगळत पार वड्यापतुर ग्येलं."

मिस्तरींना रात्रभर झोप लागली नाही. पट्टा तुटला, डाय चिरली, चाक ओढ्यात. आठवडाभरात या लोकांनी प्रेसचा पार मोडतोडीचा बाजार केला होता!

सकाळी मैमुना नळावर गेल्याची संधी साधून ते भिंत धरून उठले. पाठीतून कळ आली, दात खाऊन ती गिळली. गल्लीच्या तोंडाशी पेंढ्यानं भरलेली बैलगाडी चालली होती, आणि ती हाकत होता म्हसूचा म्हातारा बाप, धुळाबाबा. गुडघे गेल्यापासून तो मेंढरांमागं जात नसे, गाडीवर बसून अशी कामं करायचा.

"भऱ्याला निगालास न्हवं? मला घे," मिस्तरी म्हणाले.

"डाक्तर पड म्हनला हुता न्हवं तुला?"

"पडूनच येतो."

आणि खरोखरच पेंढ्यावर उताणे पडून, आभाळाकडे तोंड करून मोहिद्दीन मिस्तरी कारखान्याला निघाले. वाटेत लोक थांबून बघत होते. एका बाईनं तर हात जोडले. मिस्तरींनी तिला आपण जिवंत असल्याचं ओरडून सांगितलं.

भऱ्याचं वळण आलं आणि धुळाबाबानं कासरा ओढला. कारखाना अजून नजरेत नव्हता, पण आवाज येत होता. धप्प. मग मध्ये एक श्वास. मग धप्प. मिस्तरींनी डोळे मिटून ऐकलं. पट्टा ताठ होता, चाक जागेवर होतं, डाय अखंड होती. इतकी वर्षं हा आवाज ऐकणाऱ्या कानाला पेंढ्यावर पडूनही ते कळत होतं. प्रेस काल बिघडलेली नव्हती, परवा नव्हती, कधीच नव्हती.

"फिरव गाडी," मिस्तरी म्हणाले.

"का रं? आत न्हाई जायाचं?"

"कशाला जायाचं? चाललीया की. माज्याबिगर चाललीया." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि उताण्या माणसाचं पाणी कानात जातं, म्हणून ते आणखीच चिडले. "अन् ही मानसं रोज येऊन माजी चेष्टा करत्यात. काल भैरू म्हनला, चाक वड्यात ग्येलं! तुजा म्हसूच म्होरक्या हाय त्येंचा!"

धुळाबाबानं गाडी वळवली. बराच वेळ तो बैलांशीच बोलत होता. मग मागे न बघता म्हणाला, "माजी धाकली पोरं बी रोज सांच्याला येत्यात. बाबा, उद्या मेंढरं कुनीकडं न्यायची, म्हून इचारत्यात. म्या सांगतो, वरच्या माळाला न्या."

"मग?"

"मग काय, त्येंच्या मनात असंल तितं नेत्यात."

मिस्तरींनी मान उचलली. "तुला ठावं हाय?"

"मेंढरांच्या लोकरीत कुसळं अडकत्यात. वड्याकडची येगळी, माळावरची येगळी. रोज हात फिरवतो, कळतं मला."

"अन् तू गप बसतूस?"

"मग काय करू? दिसभर उनात फिरून पोरं दमून येत्यात, तरी घरात शिरायच्या आदी माज्याफुडं बसत्यात. मेंढरांचं काय, ती जातील कुनीकडं बी. पोरं येत्यात न्हवं." म्हाताऱ्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "आता समदी मेंढरं वड्यात वाहून ग्येली, आसं सांगत आलं कुनी, तर म्या बी गाडी जुपीन म्हना. भैरूला जरा अक्कल कमीच हाय."

घरी आल्यावर मैमुनानं मिस्तरींना जे सुनावलं ते गल्लीनं ऐकलं, तेव्हा इथं सांगायची गरज नाही. मिस्तरी पुन्हा फळीवर पडले.

संध्याकाळी म्हसू आला. बापानं घरी काही सांगितलेलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "मिस्तरी, परेसचा आवाज लई बेकार येतोया."

मिस्तरींनी तोच आवाज सकाळी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. "कसा येतोया?" त्यांनी विचारलं.

म्हसू गडबडला. मग त्यानं गाल फुगवून प्रेसचा आवाज काढून दाखवला. तो आवाज प्रेसचा तर नव्हताच, पण मेंढराला पडसं झाल्यावर येतो तसा होता. मिस्तरींनी चादर तोंडात धरली. हसू पाठीत दुखत होतं. दिवसभर भट्टीसारख्या शेडमध्ये राबून, तीन मैल चालून हा माणूस आपल्यासमोर गाल फुगवून बसलाय, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा राग कुठच्या कुठं गेला.

"ग्रीस लाव," ते म्हणाले. म्हसू हुश्श करून उठला. "बस खाली. आजून सांगायचंय. मैमुना, दार लोटून घे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "डाय बसवताना खालच्या साच्यात चारी अंगाला कागदाच्या पट्ट्या ठेवायच्या. चाक हातानं फिरवून वरचा साचा खाली आनायचा. चारी कागद सारकेच आवळून बसले, की डाय मदोमद बसली. येक जरी सैल निगाला, तर त्या अंगाला लाकडी हातुडीनं सरकवायची. येवडंच हाय बग."

म्हसू त्यांच्याकडे बघत राहिला. "येवडंच?"

"येवडंच. म्हून तर पडदा लावायचो."

उरलेले दिवस मिस्तरी हूं की चूं न करता पडून राहिले. कागदाबद्दल म्हसूनं खरोखरीच्या शंका आणल्या, त्या गाल न फुगवता विचारल्या, आणि त्या बोलण्यात चहा संपायला रोज फार वेळ लागला.

मिस्तरी ताठ चालत परतले तेव्हा मोठ्या घमेल्यांचं काम सुरू होणार होतं. पडदा नव्हता. म्हसूनं आणि भैरूनं मिळून डाय उचलली, म्हसूनं पट्ट्या ठेवल्या, चाक फिरवलं, कागद एकेक करून ओढून पाहिले. मिस्तरी समितीनं आणलेल्या नव्या स्टुलावर बसून होते. डाय मधोमध बसलीय, हे त्यांना तिथूनच दिसत होतं.

"बसली का मिस्तरी?" म्हसूनं विचारलं.

"जराशी डावीकडं घे," मिस्तरी म्हणाले.

म्हसूनं हातोडीनं डाय केसभर डावीकडं सरकवली. मिस्तरी समाधानानं उठले आणि रांजणाकडे पाणी प्यायला वळले, तेव्हा मागून हातोडीची आणखी एक हलकी टकटक ऐकू आली. डाय होती तिथं परत गेली.

मिस्तरींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी पेलाभर पाणी सावकाश संपवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आता कशी झ्याक बसली!"