या बागेला पाणी घालायचं नाही

गावाच्या पगारावर तेवीस वर्षं माळीकाम करणाऱ्या मागालीनं चर्चपुढच्या चौकातले पेटुनिया उपटून टाकले, तेव्हा मेयर कास्तान यांनी तिला अडवलं नाही. विहिरी आटल्या होत्या, रोज पाणी मागणाऱ्या त्या फुलझाडांना पाणी आणणार कुठून? तिनं तिथं खडी पसरली, लव्हेंडरची गोल गोल झुडपं लावली, मध्ये रुपेरी पानांची सँटोलिना, मागे रोझमेरी, आणि चालायला मुद्दाम वाकडी वाट ठेवली. तीन वर्षं घाम गाळला. यंदाच्या जूनमध्ये तर नवरानवरी फोटोला चर्चच्या दारात थांबेनात, सरळ तिच्या बागेत येत.

पण सुंदर गावांच्या स्पर्धेचे परीक्षक दर तीन वर्षांनी येतात ते ऑगस्टमध्ये, आणि तिथल्या ऑगस्टच्या कोरड्या, कडक उन्हाळ्यात ही झाडं झोपतात. पानं आखडून, राखेच्या रंगाची होऊन, मेल्याचं सोंग घेऊन पडतात.

परीक्षक यायच्या आधी आठ दिवस मेयर टँकर घेऊन हजर.

"मार पाणी दाबून. हिरवं दिसलं पाहिजे."

"मरतील."

"पाण्यानं कोण मरतं गं?"

"या उन्हात माती ओली केली तर मुळं शिजतात. तुम्ही दुपारचे घोरताना कुणी तोंडात पाइप घातला तर चालेल?"

टँकरचा ड्रायव्हर फिसकन हसला. मेयरनी स्वतःच पाइप ओढला, तशी मागाली त्यावर बसली. अठ्ठावन्न वर्षांची, ऐंशी किलोंची बाई पाइपावर बसली की पाणी पुढं जात नाही. दुपारी टँकर भरलेलाच परत गेला.

परीक्षक आले, नाकं मुरडून गेले. वेशीवरच्या पाटीवर याच स्पर्धेत गावाला मिळालेलं एकुलतं मानचिन्हाचं फूल होतं, तेही काढलं गेलं.

"उपट सगळं," मेयर कडाडले. "सोमवारी पेटुनिया!"

"मी लावलंय. मी नाही उपटणार."

"मग मी उपटतो!"

मागालीनं कुदळ आणून त्यांच्या हातात दिली. कॅफेतल्या लोकांनी खुर्च्या वळवल्या. मेयरनी खडी सारून घाव घातला. ठण्ण! दुसरा, तिसरा, दहावा. शर्ट भिजला, पण वाळून दगड झालेल्या मातीतून ढेकूळ काही निघेना.

मागालीला मनापासून आनंद झाला, आणि तिनं तो लपवला नाही.

"पावसापर्यंत थांबा, मेयरसाहेब. माती मऊ होईल. पण त्याच पावसानं ही सगळी हिरवीगार होऊन उठतील. तेव्हा या कुदळ घेऊन, गावादेखत. मी इथंच आहे."