येण्याचं कारण

शनिवारी संध्याकाळी पोकुआने ठेवणीतलं कापड नेसलं, कानात सोन्याची फुलं अडकवली आणि स्वतःच्याच घराचा जिना चढून ती भाडेकऱ्याच्या दारात उभी राहिली. घरमालकीण अशी नटूनथटून भाडेकऱ्याकडे गेली की काम मोठं आहे, हे घानातल्या कुमासी शहरात कोणालाही कळतं. पण हा दुआर्ते पडला पोर्तुगालचा. रस्त्याच्या कामावरचा इंजिनियर, माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात काय शिरेल आणि काय शिरणार नाही, देव जाणे.

काम होतं थोरल्या बहिणीचं. कोनादू अक्काची बाजाराजवळ खानावळ. आईच्या मयताच्या जेवणावेळी पोकुआ भर मांडवात बोलून बसली होती, "अक्का, आईच्या जेवणातसुद्धा सुपात पाणी ओतलंस?" जिचं सगळं नाव त्या सुपावर, तिला हे चारचौघांत! त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. आणि आता मंगळवारी अक्काच्या पोटाचं ऑपरेशन होतं. त्याआधी माफी मागायलाच हवी होती. जिभेला हाड नसल्याची शिक्षा पोकुआने पुरेशी भोगली होती.

पण धाकटीने थोरलीपुढे असं थेट जाऊन उभं राहायचं नसतं. आपल्या वतीने हात जोडणारा कोणीतरी मध्ये घालावा लागतो. मामा अक्काच्या बाजूचा, पाद्रीबुवांच्या पोटात काही राहत नाही. उरला दुआर्ते. रोज दुपारी अक्काच्या हातचं जेवायचा, तिचा भारी लाडका. शिवाय परका माणूस गयावया करायला लागला की नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही.

"या या, मावशी!" खुर्चीवरचे शर्ट पलंगावर फेकून त्याने तिला बसवलं आणि न सांगता पाण्याचा ग्लास आणून दिला. पोकुआला बरं वाटलं. चला, एवढं तरी शिकलाय. तिने दोन घोट घेतले, ग्लास ठेवला आणि पदर सावरल्यासारखं खांद्यावरचं कापड नीट करून ताठ बसली.

आता त्याने फक्त विचारायचं होतं, इकडे कसं येणं केलंत? मग ती म्हणणार, तसं सगळं क्षेम आहे. आणि मग घसा खाकरून कारण सांगणार. पाणी द्यायचं आणि येण्याचं कारण विचारायचं, ही इथली रीत. कोणी विचारायच्या आत आपलं गाऱ्हाणं ओकतात ते भिकारी नाहीतर पोलीस.

"तो गटाराचा पाइप मी बघितला हं, मावशी," दुआर्ते म्हणाला. "उंदरांनी कुरतडलाय."

"असं का."

"आज काय झकास दिसताय! कुठे लग्नबिग्न?"

पोकुआला वाटलं, आलं गाडं रुळावर. "लग्न कसलं! पण हे कापड मी उगाच नेसत नाही, बरं का."

"तेच म्हणतो मी. रोज नेसत जा!"

काय बोलणार, कपाळ! तो बोलत सुटला. केळी महागली, ट्रकवाले ऐकत नाहीत. मग म्हणाला, "आज कोनादू अक्का खानावळीत नव्हत्या. त्यांची पुतणी वाढत होती. सूप म्हणजे नुसतं पाणी हो!"

पोकुआला मांडवातलं आपलं बोलणं आठवलं. शब्द अगदी ओठांवर आले. सांगून टाकावं का? पण जन्मभराची सवय. तिने त्याच्याकडे आशेने पाहिलं. त्याला वाटलं, मावशी दमल्या. कपाटातून आपल्या गावाकडच्या मासळीचा एक डबा काढून त्याने तिच्या हातात दिला आणि जिन्यातला दिवा लावून दिला.

खाली दुफिए वेण्या घालत बसली होती. पोकुआच्या ओसरीत तिचं केसांचं दुकान. सगळं ऐकून तिने हातातला कंगवाच आपटला.

"अगं, तोंड होतं ना तुला? सांगायचंस की!"

"न विचारता सांगायला मी काय रेडिओ आहे?"

"त्या ओब्रोनीला काय कळतंय! गोरा तो, सांगितल्याशिवाय त्याच्या टाळक्यात शिरायचं नाही."

"उद्या परत जाईन," पोकुआ म्हणाली.

रविवारी चर्चमध्ये दिवस गेला. सोमवारी ती वर गेली तर दाराला कुलूप, तो साइटवर गेलेला. मंगळवारी दुपारी पुतणी रडत आली. अक्का ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाही.

मयताच्या शनिवारी दुआर्ते काळे कपडे करून आला आणि पोकुआच्या शेजारी बसला. डोळे सुजले होते त्याचे. मांडवात ढोल वाजत होते. तिच्या डोळ्यांतून मात्र टिपूस निघत नव्हतं, आणि बायका ते बघत होत्या.

"फार जीव होता हो त्यांचा माझ्यावर," तो हळूच म्हणाला. "ऑपरेशनच्या आदल्या रविवारी माझ्या खोलीवर आल्या होत्या."

पोकुआने मान वळवली. "कोण? अक्का?"

"हो. तुम्ही चर्चमध्ये होतात. मी म्हटलं, एवढं बरं नसताना जिना कशाला चढलात? तर नुसत्या हसल्या. छान निळं कापड नेसल्या होत्या, गळ्यात मणी."

"मग? काय म्हणाली?"

"काहीच नाही. मी पाणी दिलं, ते प्यायल्या. मग आणखी मागितलं. मग परत मागितलं. बराच वेळ बसल्या. मी बडबडत होतो. जाताना खाली तुमच्या दाराशी जरा थांबल्या आणि गेल्या."

पोकुआने त्याची बाही धरली. "दुआर्ते, तू विचारलंस का तिला? का आलीस म्हणून?"

"छे हो, मावशी!" तो दचकलाच. "घरी आलेल्या माणसाला असं कोणी विचारतं? आमच्याकडे त्याचा अर्थ, ऊठ आणि चालायला लाग."

त्याचं मुस्काट फोडावं, असं एक क्षण तिला वाटलं. पण त्याचा चेहरा लहान मुलासारखा भाबडा होता आणि हात उचलायचं बळ तिच्यात नव्हतं. आजारी बाई, तो विचारेल म्हणून पाणी मागून मागून पीत बसली. तरी दोघीही तोंडात गुळणी धरून जिना उतरल्या. तिला हुंदका फुटला तो असा की ढोलवाले थबकले.

"मावशी, मावशी," दुआर्ते तिचा खांदा धरून म्हणत राहिला, "निदान मला तरी भेटून गेल्या ना त्या."

"तुला नाही रे बाबा," पोकुआ म्हणाली. "ती माझ्याकडे आली होती."