लताबाईंनी चष्मा काढला

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट मला मोठ्या आवाजात सांगवत नाही. बुवा कीर्तनाला उभे राहायला अजून अवकाश आहे, टाळ मांडीवरच आहेत, तेवढ्यात सांगून होईल. देवाच्या दारात बसलोय, तेव्हा पदरचं काही घालणार नाही. पण मारहाणीची गोष्ट आहे, एवढं आधीच सांगतो. ज्यांना सोसणार नाही त्यांनी खुशाल प्रदक्षिणा घालून यावं.

मी दत्तू निरभवणे. आपल्या इंदिरानगरात दीपमाळ नावाची केबलवरची बातम्यांची वाहिनी आहे, तिथं सव्वीस वर्षं चित्रफिती लावायचं, अडीनडीला कॅमेरा धरायचं काम केलं. आधी कॅसेटा, मग सीड्या, मग कॉम्प्युटर. आणि या सव्वीस वर्षांत बातम्या वाचायच्या त्या लताताईंनी. तुम्ही त्यांना लताबाई म्हणता. त्यांच्या पाठीमागे गोदाघाटाचा रंगवलेला पडदा असायचा. पायऱ्या, दीपमाळ, पाण्यात एक नाव. पंचवटीतल्या एका पेंटरनं रंगवलेला. कडा विरल्या होत्या, नावेतला नावाडी पुसट झाला होता, पण त्या पडद्यानं कुणाचं कधी वाईट केलं नाही.

शेवटची दोन मिनिटं निधनवार्तांची. तुम्हाला आठवत असेल. लताताई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, खुर्चीतून उठायच्या आणि उभ्यानं वाचायच्या. "दुःखद निधन." मग नाव, वय, गाव, पश्चात कोण. आमची ही म्हणायची, बाईंनी चष्मा काढला की हातातली कणीक तशीच ठेवून गप्प बसावं लागतं. घरोघरी तसंच होतं. पोरं भांडत असली तरी आई दटावायची, "गप रे, चष्मा काढला."

मालक थकले, मुलगा रोहित बसला. वाईट नाही पोरगा. पण त्याला सगळं नवं हवं होतं. एका सोमवारी सकाळी चार जण हातोडे घेऊन आले आणि जुना सेट फोडायला लागले. लाकडी टेबलाला पहिला घाव बसला तेव्हा लताताई दारात उभ्या होत्या. पडदा उतरवायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नाहीत. मधोमध कटर घातला, टर्रकन फाडला, घाट एकीकडे आणि नाव एकीकडे.

"काका, रडताय काय? जुनं झालं होतं ते," रोहित मला म्हणाला.

"मी पण जुनीच आहे की," लताताई म्हणाल्या. "कटर जरा बेतानं चालव रे बाबा."

सगळे हसले. शनिवार त्यांचा शेवटचा दिवस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या सेटवर तेजस्विनी वाचणार होती. तेविसाची, शिकलेली, आवाज खणखणीत. निधनवार्ता बंद. त्यांना जाहिरात मिळत नाही, असं रोहितचं म्हणणं.

नव्या सेटवर काचेचं टेबल आणि मागे ही एवढी दिव्यांची भिंत. बातमी चालू असताना तिच्यावर काहीतरी हलतं दिसलंच पाहिजे. रोहितनं मला बजावलं होतं, "दत्तूकाका, एकच नियम. भिंत रिकामी दिसता कामा नये."

शनिवारी दुपारी तेजस्विनीनं एकचं बुलेटिन सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला बातमी आली. सातपूरमधून वेदिका नावाची पाच वर्षांची मुलगी सकाळपासून सापडत नाही. एवढीच बातमी. फोटो नाही, पत्ता नाही. रोहितनं घाईघाईत वर लाल पट्टी टाकली: मुलं पळवणारी टोळी? शेवटी प्रश्नचिन्ह होतं, हे तो अजूनही सांगतो.

माझ्या कानात त्याचा आवाज. "काका, भिंत! भिंत काळी आहे! टाका काहीतरी!"

आता माझी चूक ऐका. कॅसेटांच्या काळापासून माझी एक सवय. फीत कोणत्या बातमीची, ते मी लिहीत नसे. तिच्यात काय दिसतं तेवढं लिहायचो. सातपूर – गर्दी. सातपूर – रस्ता. त्याच सवयीनं कॉम्प्युटरलाही लावलेलं. मी सातपूर टाकलं. यादीत वरच होतं, सातपूर – माणूस – पोतं. मुलं पळवणारे पोत्यात घालून नेतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. एवढाच विचार केला. विचार कसला, बोट दाबलं.

भिंतीवर माणूस आला. सावळा, बारीक, डोक्याला गमछा. पोतं खांद्यावर मारलं, वळून थेट आमच्याकडे बघितलं आणि हसला. वर टोळीची ती लाल पट्टी. फीत नऊ सेकंदांची, ती फिरून फिरून लागत राहिली. दर नऊ सेकंदांनी तो माणूस हसत होता.

आतल्या खोलीत लताताई आपली साडीची पिशवी भरत होत्या. तिथला टीव्ही बघून अनवाणीच धावत आल्या.

"दत्तू! अरे, हा बारकू आहे! काढ आधी तो!"

मग मला आठवलं. बारकू गावित, पेठकडच्या डोंगरातला. द्राक्षाच्या हंगामाला खाली यायचा आणि बागेत काम नसलं की सातपूरच्या मजूर नाक्यावर उभा राहायचा. नाक्यावर सावली नाही, पाणी नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी लताताईंनी त्याची मुलाखत घेतली होती. कॅमेरा माझ्याच खांद्यावर होता. पोत्यात त्याचं पातेलं, विळा आणि भाकरी. "भागीला सांगतो टीव्ही बघाय," असं म्हणून हसला होता. भागी त्याची बायको. त्या दिवशी एका पुढाऱ्याची सभा लांबली, मुलाखत लागलीच नाही.

मी फीत काढली. लताताई रोहितकडे गेल्या. "आत्ताच्या आत्ता चूक सांग. तेजस्विनीला सांगायला लाव."

"ताई, ब्रेकनंतर करू. फोनवर चाळीस हजार लोक बघतायत, मध्येच थांबवलं तर..."

"चाळीस हजार बघतायत म्हणूनच आत्ता म्हणतेय मी!"

"दहा मिनिटं, ताई. प्लीज."

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. उचलला तर पलीकडे नुसता गलका, आणि त्यातून एक आनंदानं फुललेला आवाज. "दीपमाळ का? ओ, तुम्ही दाखवला ना, तो इथंच नाक्यावर सापडला! धरलाय आम्ही. कॅमेरा पाठवा लवकर, न्हाईतर मरंल तो!"

मी पोलिसांना फोन लावला. माझी स्कूटर बाहेरच होती. लताताई मागे बसल्या. पाथर्डी फाट्याला सिग्नल तोडला, अंबड लिंक रोडनं पपया नर्सरीजवळचा तो नाका गाठला. वाटभर त्या माझ्या पाठीत बुक्क्या मारत होत्या, "चल, दत्तू, चल." मी विठ्ठलाचं नाव घेत होतो. पहिल्यांदाच ते माझ्या तोंडी कोरडं लागत होतं.

नाक्यावर दोनशे माणसं असतील. जेवणाची सुट्टी झाली होती. कारखान्यातले, वर्कशॉपमधले, भाजी घेऊन निघालेल्या बाया, सगळी आपलीच. काहींना मी कीर्तनात बघितलेलं. एकाच्या हातात लोखंडी पाना, एकाकडे गाडीची चेन, एका पोराकडे फुटपाथचा उपटलेला ब्लॉक. मधे बारकू पडला होता. पोतं फाडून उलटं केलं होतं. पातेलं चेपलं होतं, भाकरी तुडवली होती. त्यात मूल नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. तरी चेन बसत होती. प्रत्येक फटक्याला ओल्या घोंगडीवर काठी मारल्यासारखा आवाज येई.

"बोल, पोरगी कुठं ठेवली?"

"नाय दादा... मी कोनाला नाय नेला..."

"टीव्हीत आलाय तू, आणि नाय म्हन्तो?" आणि पान्याचा घाव गुडघ्यावर. हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं.

मी ओरडलो, कुणी बघितलंही नाही. लताताईंचं ओरडणंही कुणाला ऐकू जाईना. मग त्या भाजीच्या एका हातगाडीवर चढल्या. कोबीचे गड्डे खाली गडगडले. आणि त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढला, हातात धरला, ताठ उभ्या राहिल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"दुःखद निधन."

जवळची एक बाई एकदम गप्प झाली. मग तिच्या शेजारचा. चेन वर उचललेली होती, ती वरच राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "लताबाई आहेत, गप रे." शांतता पसरत गेली, घराघरांत पसरायची तशीच.

"बारकू सोमा गावित, वय बेचाळीस, तालुका पेठ, यांचं आज दुपारी सातपूर मजूर नाक्यावर मारहाणीत निधन झालं. त्यांच्या पश्चात पत्नी भागीबाई आणि दोन मुली असा परिवार आहे."

एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. सवयीनंच. मग भानावर येऊन खाली बघत म्हणाला, "बाई, जित्ता हाय की तो अजून."

"मग मला हे वाचायला लावू नका," लताताई म्हणाल्या. त्यांचा आवाज तिथं पहिल्यांदा कापला. "तो फोटो आमच्या चुकीनं लागला. ह्या माणसानं काही केलेलं नाही. हा तुमच्यासारखाच कामाला आलाय. आणि वाचायलाच लागलं, तर मारणाऱ्यांची नावंही वाचीन."

पाना धरलेला हात खाली आला. ब्लॉक जमिनीवर पडला. तेवढ्या फटीतून मी आत शिरलो आणि बारकूजवळ बसलो. त्याचा एक डोळा मिटला होता, दुसऱ्यानं त्यानं मला ओळखलं.

"तू कॅमेरेवाला ना," तो म्हणाला. "मंग... लागला का माझा?"

मी हो म्हणालो.

ते तिथंच थांबलं असतं, माऊली. पण वाहिनीवर अजून चूक सांगितली नव्हती, आणि फोनवर ते हसणं या हातातून त्या हातात फिरत होतं. तीन मोटारसायकलींवरून नऊ-दहा पोरं नव्यानं येऊन थडकली. त्यांनी काही ऐकलेलं नव्हतं. "ही बाई टोळीवाल्याला वाचवतेय रे!" असं ओरडून एकानं लोखंडी पट्टी भिरकावली. ती लताताईंच्या जबड्यावर बसली. गाडीवरून त्या सरळ खाली आल्या, तोंडातून रक्त आणि दोन दात. आणि जे गप्प झाले होते त्यांतलेही काही पुन्हा पुढे आले. मी बारकूच्या अंगावर आडवा झालो. माझ्या दोन फासळ्या आणि हे मनगट तिथं गेलं. म्हणून टाळ हल्ली असे डाव्या हातात धरतो. जे घाव माझ्यावर बसले नाहीत ते त्याच्या डोक्यावर बसले.

पोलीस आले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेदिका अडीच वाजता ओझरला मामाच्या घरी सापडली, जेवून झोपलेली. मामा भाचीला मोटारसायकलवरून घेऊन गेला होता, बहिणीला सांगायचं राहिलं होतं. दीपमाळनं चूक सांगितली ती सव्वादोनला.

बारकू चौथ्या दिवशी गेला. भागीबाई शेजारी होती. तिनं चेपलेलं पातेलं तेवढं मागून घेतलं.

लताताईंचा जबडा तारांनी बांधलेला, बोलता येईना. त्याच दुपारी त्यांनी एका कागदावर लिहिलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. मी ते न वाचता तेजस्विनीला नेऊन दिलं. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं.

"काका, तुम्ही वाचलंत?"

"नाही."

"वाचू मी?"

"त्यासाठीच आणलंय, बाळ."

संध्याकाळी सातचं बुलेटिन. शेवटी जाहिराती लागायच्या, त्याआधी तेजस्विनी काचेच्या टेबलामागून उठली. तिला चष्मा नाही. तिनं कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यातून रोहितचा आवाज बारीक बारीक येत होता. मनगट प्लास्टरात होतं, डाव्या हातानं मी भिंत बंद केली. सगळी काळी.

"दुःखद निधन," तेजस्विनी म्हणाली. नाव, वय, गाव, भागीबाई, दोन मुली. मग पुढचं वाचलं. "मारणाऱ्या सतरा जणांची नावं पोलिसांकडे आहेत. त्यांच्या आधीची नावं आमची आहेत. मुलाखत घेऊन ती न दाखवणारी, लताबाई. चुकीचं चित्र लावणारा, दत्तू निरभवणे. चूक सांगायला तासभर लावणारी, दीपमाळ वाहिनी."

माझं नाव मी काचेपलीकडून ऐकलं. नव्या सेटवरची ती आमची शेवटची बातमी. लताताई आधीच सुटल्या होत्या, दुसऱ्या दिवसापासून तेजस्विनी आणि मीही कामावर नव्हतो.

बुवा उठले बघा, वीणा गळ्यात घेतायत. माझं एवढंच मागणं. आता गजर सुरू होईल, तुम्ही डोळे मिटाल, आपापल्या माणसांची नावं मनात आणाल. त्यात एक नाव माझ्यासाठी घ्या. बारकू सोमा गावित. खांद्यावर पोतं, पोत्यात पातेलं, विळा आणि भाकरी. तेवढंच होतं त्यात. त्याची आठवण ठेवा.