एक पायरी खाली

सातवं दार तीनदा वाजवून ओडेसा पिंकनी एक पायरी खाली उतरली आणि हात पोटाशी जुळवून उभी राहिली.

हा तिचा नियम होता. दार वाजवलं की उंबऱ्याशी थांबायचं नाही, एक पायरी उतरायची. म्हणजे दार उघडणारं माणूस वर राहतं आणि आपण खाली. ज्याचं घर जायची वेळ आली आहे, त्याला निदान स्वतःच्या उंबऱ्यावरून तरी कुणापुढे मान वर करायला लागू नये, एवढंच तिचं म्हणणं. दार उघडेपर्यंत ती मनातल्या मनात म्हणे, देवा, या घरातला दिवा राहू दे. मग घर कुणाचंही असो.

चर्चच्या तळघरातल्या मदत केंद्राकडे दर महिन्याला एक यादी यायची. घराच्या कर्जाचे हप्ते थकलेले, घर शेरीफच्या लिलावात निघालेलं, अशा लोकांची. लिलावाआधी कोर्टाची एक तारीख मिळे. त्या दिवशी घरातलं माणूस सिटी हॉलमध्ये हजर राहिलं, तर बँकेला समोर बसून बोलावंच लागे. वकील फुकट मिळे, केंद्राचं कुणीतरी शेजारी बसे, आणि बरीच घरं वाचत. कुणी आलंच नाही, तर घर गेलं. इतकी साधी गोष्ट, पण माणसं येत नसत. बँकेची पाकिटं उघडायचीच त्यांना धास्ती वाटे. म्हणून कुणीतरी दार वाजवायला हवं होतं.

ओडेसा एकाहत्तर वर्षांची. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती आणि गेली एकोणीस वर्षं ती ऑर्विल स्ट्रीटची कॅप्टन, म्हणजे गल्लीवर लक्ष ठेवणारी होती. पायऱ्या कुणी धुतल्या नाहीत, कचरा चुकीच्या दिवशी कुणी बाहेर ठेवला, सगळं तिच्याकडे यायचं. पण यादीतल्या माणसाचं तेवढं एकच दार ती कधी वाजवायची नाही. ज्या गल्लीत एक घर यादीत असे, त्या गल्लीतली सगळी दारं ती वाजवी आणि सगळ्यांना केंद्राची आणि कोर्टाची माहिती असलेला तोच कागद देई. केंद्रातली मारिसोल तिच्या गुडघ्यांकडे बघून एकदा म्हणाली होती, एका घरासाठी सव्वीस दारं कशाला?

"एकच दार वाजवलं ना पोरी," ओडेसा म्हणाली, "की ती दवंडी होते."

या महिन्याच्या यादीत तिची स्वतःची गल्ली होती. घर नंबर अठरा. नाव मॉझेल टिल्मन.

मॉझेलला जाऊन चौदा महिने झाले होते. ओडेसाची ती चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. आता त्या घरात तिचा नवरा एल्वुड राहायचा. शहराच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, चर्चच्या सेवेतला मानाचा डीकन, रविवारी पहिल्या बाकावर ताठ बसणारा. सगळी गल्ली त्याला डीकन म्हणे. त्याच्या अंगणातल्या झाडाचं पानसुद्धा शेजारच्या पायरीवर पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

सोमवारी ओडेसानं अठरा नंबरचं दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. पडदा जरा हलला, पण दार उघडलं नाही. तिनं कागद कडीला अडकवला आणि वीस नंबरकडे गेली.

मंगळवारी ती पुन्हा सगळी गल्ली फिरली. या वेळी शनिवारच्या झाडलोटीचं निमित्त काढलं. अठरा नंबरच्या कडीचा कागद कुणीतरी आत घेतला होता, पण दार बंदच. कोर्टाची तारीख गुरुवारची होती.

बुधवारी ओडेसाचा दुपारपर्यंत उपास असे. तेवीस वर्षं तिनं एकही बुधवार चुकवला नव्हता. रिकाम्या पोटी, प्रार्थना करून ती तिसऱ्यांदा निघाली. समोरच्या पायरीवर रेनी खुर्ची टाकून बसली होती. रेनीचं तोंड बंद असलेलं त्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

"काय मिस ओडेसा, आज काय विकताय? काल झाडू, परवा कोर्ट. उद्या शेंगदाणे आणा, आमची मुलं घेतील."

ओडेसा हसली, कागद तिच्या हातात देऊन पुढे चालू लागली. रेनीनं तो पंख्यासारखा हलवला.

"बरं, एक विचारू? राग नका मानू. तीन दिवस तुम्ही सगळ्यांची दारं बडवताय. एकच दार राहिलंय गल्लीत. तुमचं." बाजूच्या पायरीवरची दोघं हसली. "आता लोक काय समजतील सांगा. आणि तुमचे कागद तर चर्चच्या अंगणात जाळले होते ना? की पुन्हा कर्ज काढलंत?"

हे मात्र लागलं. त्या चर्चमध्ये रीतच होती. कुणाचं घराचं कर्ज फिटलं की त्या कर्जाचे कागद सगळ्यांसमोर तव्यात ठेवून जाळायचे, आणि मग जेवण. ओडेसाचे कागद जळून तेरा वर्षं झाली होती. त्या दिवशी काडी ओढली होती डीकन टिल्मननं. तवा मॉझेलचा होता. आणि मॉझेल तिच्या कानात म्हणाली होती, पुढचा नंबर आमचा, तवा घासून ठेवते.

"माझं कर्ज कधीच फिटलं," एवढंच म्हणायचं होतं. खरंही होतं ते. पण ते म्हटलं असतं तर गल्लीनं उरलेली दारं मोजायला सुरुवात केली असती. कोण दार उघडतं, कोण नाही. आणि अठरा नंबरचं दार दोन दिवस उघडलं नव्हतं.

रस्ता ओलांडून ओडेसा स्वतःच्या घरापाशी गेली. सकाळी धुतलेल्या तीन पायऱ्या चढली. स्वतःचं दार तीनदा वाजवलं. एक पायरी खाली उतरली, हात जुळवले आणि थांबली.

गल्ली खदखदून हसली. मग हळूहळू हसू विरलं, कारण ती खरंच थांबली होती, प्रत्येक दाराशी थांबायची तेवढाच वेळ. मग तिनं पायरी चढून स्वतःच्या कडीला कागद अडकवला आणि मान सरळ ठेवून पुन्हा रस्त्याच्या अलीकडे आली.

रेनी हळू आवाजात शेजारणीला म्हणाली, "बिचारी. या वयात."

ते ओडेसाला ऐकू आलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

अठरा नंबरचं दार तिनं वाजवलं आणि पायरी उतरायच्या आतच ते उघडलं. डीकननं घरातसुद्धा टाय लावला होता. "आत ये, सिस्टर," तो चर्चमधल्या रीतीनं म्हणाला. "बाहेर नको."

स्वयंपाकघरात टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. मॉझेलच्या खुर्चीवर पाकिटं रचलेली होती. तारखेप्रमाणे, एकावर एक, कडा जुळवून, वर तिच्या केसांची निळी फीत बांधून. एकही उघडलेलं नव्हतं. सगळ्यांत वर शेरीफचा कागद होता. तो डीकननं उजाडायच्या आत दारावरून सोडवला होता.

हळूहळू कळलं ते असं. घराचं कर्ज मॉझेलच्या नावावर होतं आणि हप्ता तिच्या पेन्शनमधून परस्पर जायचा. ती गेली, पेन्शन थांबलं, हप्ताही थांबला. बँकेनं पत्रं पाठवली, पण सगळी मॉझेलच्या नावानं.

ओडेसानं विचारलं, मग उघडली का नाहीत?

डीकननं तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिनं त्याला चर्चमध्ये, जिथे पुरुष टोपी काढूनच बसतात, टोपी घालायला सांगितलं असावं. "चव्वेचाळीस वर्षं संसार केला. मी तिचं पत्र कधी उघडलं नाही. तिनं माझं नाही. ती गेली म्हणून आता उघडू?"

"आणि दार का नाही उघडलंत?"

"तो कागद दारावर बघितला तेव्हा समजलं, काहीतरी मोठं आहे. मग कुठल्या तोंडानं उघडायचं?" मग खिडकीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मी खिडकीतून बघत होतो, सिस्टर. तुझे कागद मी जाळलेत. माझ्या हातानं. आणि तू स्वतःचं दार वाजवलंस."

ओडेसानं बेसिनपाशी हात धुतले. मॉझेल पत्रं कशी उघडायची ते तिला ठाऊक होतं, लोण्याच्या सुरीनं, उभ्यानं, उजेडाकडे तोंड करून. तिनं खणातून ती सुरी काढली, टेबलावर डीकनसमोर ठेवली, आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

"मी बघत नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिला विचारा. ती काय म्हणाली ते मला सांगू नका."

मागे खुर्ची सरकली. मग फीत सोडल्याची सळसळ झाली. मग पहिलं पाकीट फाटलं.

सगळी उघडून होईपर्यंत दुपार टळून गेली. उपास सोडायची वेळ कधीच होऊन गेली होती. डीकननं न विचारता मक्याच्या पावाचा तुकडा बशीत घालून खिडकीशी आणून दिला.

गुरुवारी सकाळी नऊच्या आधी ती दोघं सिटी हॉलमध्ये होती. डीकननं रविवारचा काळा सूट घातला होता आणि हातात मॉझेलची शिवणाची पेटी होती. पत्रं तिच्यात होती. मारिसोल फाइल घेऊन आली. खोलीत पन्नासेक माणसं होती, पण बोलणं कुणाचंच ऐकू येत नव्हतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. डीकन तेवढा समोर बघत बसला होता.

कारकुनानं नावं पुकारायला सुरुवात केली. बरीचशी नावं पुकारली जात आणि कुणी उठत नसे. कारकून पुढे जाई. एक घर जायला तेवढाच वेळ लागे.

"मॉझेल टिल्मन."

डीकन उठला. गुडघ्याचा आवाज झाला. त्यानं कोटाचं बटण लावलं.

"हजर," तो म्हणाला. "तिच्या वतीनं. मी तिचा नवरा."

कारकुनानं वर पाहिलं. एवढ्या सगळ्या नावांत त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं असावं.

पुढचं मारिसोलनं केलं, एका तरुण वकिलानं केलं, आणि बरंचसं त्या पत्रांनी केलं, कारण ती क्रमानं होती, एकही हरवलं नव्हतं. त्या दिवशी लिलाव थांबला. घर त्याच्या नावावर व्हायला उन्हाळा गेला, आणि बँकेशी नवा हप्ता ठरायला आणखी दोन खेपा झाल्या. हप्ता त्याच्या स्वतःच्या पेन्शनमध्ये बसेल एवढा ठरला. मॉझेलचा तवा आणखी काही वर्षं खिळ्यावर राहणार होता, पण घासलेला.

गल्लीला यातलं काही कळलं नाही. गल्ली अजून ओडेसाचीच काळजी करत होती. एका रविवारी तिच्या दाराशी रताळ्याचं सारण भरून भाजलेली गोड पाई सापडली. ताटाखाली घडी घातलेली वीसची नोट होती आणि रेनीच्या अक्षरात लिहिलं होतं, परत करू नका, मला राग येईल. ओडेसाला परत करताही येईना आणि ठेवताही येईना. पाई तिनं खाल्ली. नोट केंद्राच्या पेटीत टाकली आणि रेनीला ताट परत करताना एवढंच म्हणाली की साखर जरा जास्त झाली होती. रेनीला बरं वाटलं.

ऑक्टोबरची यादी आली तेव्हा ओडेसाचा गुडघा सुजला होता. तळघराच्या जिन्यावर जड पावलं वाजली. डीकन टिल्मन खाली आला. अंगात काळा सूट, हातात टोपी. त्यानं टेबलावरचे कागद मोजून घेतले.

मारिसोलनं यादी पुढे करून एका गल्लीच्या नावावर बोट ठेवलं. या गल्लीत एकच घर आहे, ती म्हणाली, नंबर आहे...

"नको," तो म्हणाला. "मला नंबर सांगू नका. मी सगळीच वाजवतो."

ओडेसा त्याच्या मागोमाग गेली आणि गल्लीच्या तोंडाशी, कुणाच्यातरी कठड्यावर पाय सैल सोडून बसली. डीकन पहिल्या दारापाशी पोचला. टाय नीट केला. तीनदा वाजवलं. मग डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, आणि एक पायरी खाली उतरून ताठ उभा राहिला.