वजन बरोबर होतं

मित्रांनो, मी अकोटच्या बाजारातलं रुई पिंजायचं एक जुनं यंत्र आहे. माझ्या पोटात लोखंडी दातांचा रूळ फिरतो. दबून गोळा झालेली रुई माझ्या तोंडात घातली, की दुसरीकडून ती हलकी, मोकळी होऊन बाहेर पडते.

माझे मालक अब्दुल गफ्फार. सारं गाव त्यांना गफ्फारभाई म्हणतं. घर चालावं आणि नाव चांगलं राहावं, एवढ्यासाठीच त्यांनी गाद्यांचं हे दुकान मांडलं. म्हणून त्यांची रीत एकच, ज्याची रुई त्याच्या डोळ्यांदेखत पिंजायची. बायाबापड्या माझ्यासमोर बसून राहत. एकीची रुई संपली की मला झाडून-पुसून मगच दुसरीची घेत. समोरच्या देवळात कीर्तन उभं राहिलं, की गफ्फारभाई मला बंद करत. काम मागे पडे, पण बुवांचा अभंग स्पष्ट ऐकू येई. लोखंडाचा जन्म, तरी मी त्यात विरघळून जाई.

मग कारभार त्यांच्या मुलाकडे, इमरानकडे आला. पोरगा मेहनती, मनाचा साफ. त्याला अकोल्याला, अमरावतीला दुकानं काढायची होती, चार हातांना काम द्यायचं होतं. वाढायचं तर वेळ वाचला पाहिजे. म्हणून रुई तोलून घ्यायची, सगळ्यांची एकत्र पिंजायची आणि तेवढ्याच वजनाची गादी भरून द्यायची, असं त्याने ठरवलं. कीर्तनातही मी चालूच राहू लागलं. गफ्फारभाईंनी एकदा बोलून पाहिलं, मग कारभार पोराचा म्हणून सोडून दिलं.

गेल्या वर्षी मनकर्णाबाई गादी घेऊन आल्या. त्यांचे यजमान महादेवराव त्या देवळात टाळ धरून उभे राहायचे. देवाघरी जाण्याआधी शेवटचा कापूस त्यांनी स्वतः वेचला होता, त्याचीच ती गादी. तिच्यातून आरती आणि प्रणाली या दोन लेकींसाठी दोन लहान गाद्या करायच्या होत्या. बाई सवयीने माझ्यासमोर बसू लागल्या. इमरानने अदबीने सांगितलं, की आता बसायची गरज नाही, झाल्यावर फोन करतो. नवी रीत सांगायचं त्याच्या मनातच आलं नाही. रुईत रुई मिसळली, यात सांगण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही.

गाद्या न्यायला आल्या तेव्हा बाईंनी शिवणीतून बोट घातलं. बोटाबरोबर दुसऱ्या कोणाच्या गादीचे रंगीत धागे बाहेर आले.

"इमरान बेटा, हे आमच्या घरची रुई नाही."

"मावशी, वजन बरोबर हाये. रुई तं रुईच असते नं."

"असते बापा. पण ते त्याईनं वेचली होती."

इमरानने स्वतःच्या हाताने मला बंद केलं. गफ्फारभाई खाली बसले आणि पिंजलेल्या रुईच्या ढिगात हात घालून शोधू लागले. पांढऱ्यात पांढरं, काय सापडणार? समोर कीर्तन चालू होतं. कितीतरी दिवसांनी अभंग मला नीट ऐकू आला. महादेवरावांचा टाळ त्यात नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. गाद्या उचलताना एवढंच म्हणाल्या, "इच्यात थोडी तरी त्याईची असन नं, गफ्फारभाऊ?"

गफ्फारभाई पुन्हा ढिगात हात घालून शोधू लागले.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही दुकान काढाल, कारखाना काढाल. जरूर वाढा. पण ते कशासाठी काढलं, हे आधी मनाशी नक्की करा. कोणाला समोर बसू द्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं, हे पुढे त्यावरूनच ठरतं.

आणि एक मागणं. त्या आठवड्यातल्या गाद्या तिवसा, बार्शीटाकळीपर्यंत गेल्या आहेत. तुमच्या घरी अकोटची गादी असेल, तर तिला ऊन दाखवा, झटकताना जरा हळू झटका. कोणी सांगावं, तिच्यात मूठभर महादेवराव असतील.