नरसिंगची आंघोळ

मी तांब्याचा बंब बोलतोय. लातुरात बेघर माणसांसाठी एक निवारा आहे. त्याच्या मागच्या अंगणात, न्हाणीच्या दाराशी मी उभा असतो. मधल्या नळीत जळण, भोवती पाणी, पुढे पितळी तोटी. एवढाच माझा संसार.

माझं आधीचं आयुष्य औशात गेलं. साखराबाईंच्या लग्नात मी त्यांच्या माहेराहून आलो. बाळंतिणी, तान्ही लेकरं, उटणं लावून कुडकुडत बसलेली पोरं, सगळ्यांना मी न्हाऊ घातलं. पुढे छतावर सोलर आलं आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. निवाऱ्यात काम करणारी शिल्पा एकदा जुन्या गोधड्या मागायला आली. साखराबाई म्हणाल्या, "गोधड्या ने माय, पण ह्यो बंबबी ने. आंग धुतल्याबिगर झोप लागती व्हय कुनाला?"

अशी माझी निवाऱ्यातल्या शिवप्रसादशी गाठ पडली.

शिल्पा बसस्टँडवरून, स्टेशनावरून माणसं समजावून आणते आणि शिवप्रसाद त्यांना आंघोळ घालतो. केसांच्या जटा, अंगावर मळाची पुटं, पण त्याने नाकाला रुमाल लावलेला मी कधी पाहिला नाही. तांब्या भरला की तो आधी विचारतो, "डोक्यावर वतू का?" समोरचा हो म्हणेपर्यंत तांब्या तसाच हातात. काहीजण नुसत्या त्या प्रश्नाने रडू लागतात. कोणी काही विचारून त्यांना वर्षं झालेली असतात.

एका हिवाळ्यात नरसिंग यायला लागला. एका पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. भिंतीकडेला बसून जेवायचा आणि तांब्या-बादली दिसली की लंगडत पळायचा. पायाचा वास अंगणभर यायचा. शिल्पाने डॉक्टरांना बोलावलं, पण तो हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, "जखम लवकर धुतली नाही तर पाय कापावा लागेल."

शिल्पा कळवळली. "चार माणसं मिळून धरू त्याला."

"न्हाई ताई," शिवप्रसाद म्हणाला. "धरून आंघुळ घातली तर उद्या जेवायलाबी येनार न्हाई."

"आणि पाय गेला तर?"

शिवप्रसादने माझ्यात आणखी जळण सारलं. त्यानंतर रोज तो नरसिंगजवळ गरम पाण्याची बादली ठेवून स्वतः शेजारी बसायचा. पाणी गार व्हायचं, नरसिंग निघून जायचा.

एका सकाळी दाट धुकं होतं. नरसिंग आला तो नखशिखांत भिजलेला, दात वाजत होते.

"काय झालं रे?" शिल्पाने विचारलं.

"दुकानवाल्यानं पानी वतलं," तो म्हणाला. "पायरीवर झोपलं की वतत्यात. उठवायला."

पाणी म्हणजे हाकलणं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

शिवप्रसादने स्वतःचा हात बादलीत बुडवला. "हे तसलं न्हाई. बघ."

नरसिंगने एक बोट घातलं. मग पंजा. "गरम हाय?"

"हाव. तुझ्यासाठी तापवलंय."

कोपरापर्यंत हात बुडवून तो कितीतरी वेळ बसला. मग वाकून त्याने स्वतःच पायाची पिशवी सोडली.

त्या दिवशी मी रिकामा होत होतो आणि शिल्पा मला पुन्हा भरत होती. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. नुसत्या धुरानेच झाले असं मी म्हणणार नाही. शिवप्रसाद जखम धूत होता आणि नरसिंग त्याच्या खांद्याला घट्ट धरून होता.

दवाखान्यात पायाची दोन बोटं गेली, पण पाय वाचला. शिल्पा तिथे त्याच्या उशाशी बसून राहिली. तिच्याशी तो हळूहळू बोलता झाला. बायको वारल्यावर त्याचं डोकं फिरलं होतं आणि तो घर सोडून भटकत सुटला होता. लोह्याला त्याची बहीण होती, अयोध्या. निरोप मिळताच ती धावत आली. त्याच्या स्वच्छ, दाढी केलेल्या चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "दादा, लई वाळलास रे." तिच्याबरोबर तो गेला.

परत कधी आला नाही. शिल्पाने एकदा विचारलं, "नरसिंगला आपली आठवण येत नसेल का?"

"न येऊ द्या," शिवप्रसाद हसला. "घरी रमलाय म्हनायचं."

अशी माणसं मला या वयात भेटली, हे माझं नशीब.

आता माझ्या बुडाचं भोक डाख लावून बुजवलंय, तोटी गळते. पण रोज पेटतो. तुमच्याकडे एकच मागणं आहे. निवाऱ्याला जुने शर्ट द्याल तेव्हा तुटलेल्या गुंड्या लावून द्या. आंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाला, शर्ट छातीशी हाताने आवळून उभं राहावं लागू नये.